हाक आणि सूचना

विद्यापीठाचे संकेतस्थळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न एका ज्येष्ठ समीक्षक मित्राने मला केला. कविता, कादंबरी, आत्मकथन, फार तर नाटक, एवढेच समीक्षेचे अंगण असे त्यांना वाटते. "उद्या तू एसटीच्या वेळापत्रकावर लिहिशील," असेही ते म्हणाले. मी म्हणालो, ज्या वेळापत्रकात माझ्या गावाची गाडी नाही, त्या वेळापत्रकावर मी जरूर लिहीन.

दलित साहित्याने मराठी समीक्षेला एक साधा प्रश्न विचारायला शिकवले: हे कोण बोलते आहे, आणि कोणाशी? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या पटावरचा बापाच्या नावाचा रकाना हा नुसता रकाना राहत नाही. तो एका मुलाच्या साऱ्या अस्तित्वाला आव्हान देतो. म्हणजे आमच्या साहित्याने फॉर्म, दाखला, रकाना, सही-शिक्का यांना पूर्वीच वाङ्मयात आणले आहे. व्यवस्था आमच्याशी कवितेतून बोलत नाही, ती अर्जातून आणि सूचनेतून बोलते. तेव्हा तिच्या कवितेपेक्षा तिच्या सूचनेची समीक्षा आम्हाला अधिक निकडीची आहे. आणि आज ही सूचना संकेतस्थळावर राहते.

१

प्रथम एक घटना सांगतो. संस्थेचे नाव लिहीत नाही. ही एकाच संस्थेची गोष्ट नाही, आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

माझ्या वर्गात ताडीवाला रोडकडून येणारी एक मुलगी होती. द्वितीय वर्ष कला. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दोन घरची कामे. घरात स्मार्टफोन एक, तो भावाकडे. रात्री तो घरी आला की तिच्या वाट्याला तासभर. तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली होती. असे त्रुटी असलेले अर्ज ज्यांचे होते त्यांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर लागली. दहा दिवसांत नवा दाखला जोडायचा होता. तिला ते कळले तेव्हा मुदत उलटून तीन आठवडे झाले होते. फी थकली. परीक्षेचा फॉर्म अडला. वर्ष गेले.

तिची आई माझ्याकडे आली. ओरडायला नव्हे, समजून घ्यायला आली. मी तिला मोबाईलवर ती यादी दाखवली. आधी 'डाऊनलोड्स', मग 'इतर', मग तारखेने लावलेल्या साठ-सत्तर ओळी, मग एक पीडीएफ, तिच्या चौथ्या पानावर मुलीचे नाव. बाईंनी मोबाईल हातात घेतला नाही. त्या म्हणाल्या, "सर, नाव होतं म्हणता ना यादीत? मग आमाला कुनी हाक का नाही मारली?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधातच लिहितो आहे.

माझा आजा गावचा येसकर होता. चावडीवर कुणाला बोलवायचे, मयताचा सांगावा परगावी न्यायचा, साहेब आला की घरोघर वर्दी द्यायची, ही महाराची वतनी कामे. ही गुलामी होती, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. बाबासाहेब या वतनाविरुद्ध लढले आणि १९५८ च्या कायद्याने ते गेले, हे आमच्या मुक्तीचे एक पाऊल होते. पण त्या बाईंचा प्रश्न ऐकताना एक गोष्ट मला टोचली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचा निरोप उन्हातान्हात दारोदार पोचवला, त्यांच्या नातवंडांच्या दारी त्यांचा स्वतःचा निरोप कुणी आणून देत नाही. तो एका फोल्डरात ठेवून दिला जातो, आणि वर म्हटले जाते, 'प्रसिद्ध केला आहे.'

२

आता त्या सूचनेचे वाचन करू. ती अशी होती: 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, ज्या अर्जदारांच्या अर्जांमध्ये त्रुटी आढळून आलेल्या आहेत, अशा अर्जदारांनी विहित मुदतीत त्रुटींची पूर्तता करणे अनिवार्य आहे. अन्यथा होणाऱ्या शैक्षणिक नुकसानीस कार्यालय जबाबदार राहणार नाही.'

ही सूचना मी लिहिली होती. शिष्यवृत्ती समितीवर मी होतो, कारण समितीवर 'आपला' माणूस असावा असे ठरले होते. आदल्या वर्षीची सूचना समोर ठेवून तारीख बदलली, एवढेच माझे कर्तृत्व. म्हणून या मजकुराची चिकित्सा करण्याचा मला दुप्पट अधिकार आहे.

'कळविण्यात येते.' कोण कळवते? कर्ता नाही. 'आढळून आलेल्या आहेत.' कुणाला आढळल्या? कर्ता नाही. संपूर्ण मजकुरात क्रिया आहेत, पण त्या करणारा माणूस कुठेच नाही. कर्ता दिसतो तो फक्त शेवटच्या वाक्यात, आणि तोही काय करतो, तर जबाबदारी नाकारतो. मराठी व्याकरणात ज्याला कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात, त्याचा हा राजकीय प्रयोग आहे. ज्याला प्रश्न विचारता येईल असा माणूसच वाक्यातून काढून टाकायचा.

आणि ऐकणारा कोण? 'सर्व संबंधित.' आता ज्याला आपण संबंधित आहोत हेच माहीत नाही, त्याने काय करावे? मुलीला आपल्या अर्जात 'त्रुटी' आहे हेच ठाऊक नव्हते. तिच्या लेखी अर्ज भरला, पावती मिळाली, काम झाले. 'विहित मुदत' म्हणजे कोणती तारीख? ती वर कोपऱ्यात, जावक क्रमांकाच्या खाली. 'पूर्तता' म्हणजे काय आणायचे? ते लिहिलेलेच नाही. मजकूर कागदावर टाईप करून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून चढवलेला. म्हणजे शोधायला गेले तर अक्षरे सापडत नाहीत, कारण संगणकाच्या दृष्टीने ती अक्षरे नाहीत, ते चित्र आहे. माझा एक अंध विद्यार्थी मोबाईलकडून मजकूर वाचून घेतो. त्या पानावर त्याचा मोबाईल मुका झाला.

आणि याच यादीत प्रत्येक नावापुढे जातीचा रकाना होता. जगातल्या कुणालाही ती मुलगी कोणत्या जातीची हे त्या पानावर पाहता येत होते; फक्त तिलाच ते पान सापडत नव्हते. यापेक्षा उलटी व्यवस्था शोधून सापडणार नाही.

कुणी म्हणेल, ही केवळ शासकीय मराठीची सवय आहे. मला ते मान्य नाही. सवयीलाही इतिहास असतो. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचा सवाल असा होता की, जे वेद वाचण्याचा आम्हाला अधिकारच नाही, त्या वेदांवर आधारलेला धर्म आमचा कसा? या प्रश्नाच्या मुळाशी मजकूर आणि माणूस यांचे नाते आहे. माझे आयुष्य ज्या मजकुराने बांधले जाते तो मला वाचता येत नसेल, तर त्या मजकुराचे माझ्यावरचे राज्य न्याय्य कसे? आज वाचायला बंदी नाही. पण बंदी नसणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३

संकेतस्थळाचे पहिले पान हे त्याच्या मालकाचे आत्मचरित्र असते. आपल्याकडच्या महाविद्यालयांची पाने उघडून पाहावीत. वर सरकणारी छायाचित्रे: इमारत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार. मग अध्यक्षांचा संदेश, प्राचार्यांचा संदेश, ध्येय आणि दृष्टी. मग मूल्यांकनाची कागदपत्रे. विद्यार्थी कुठे? तो छायाचित्रात आहे, टाळ्या वाजवताना.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २०१० साली यावर एक चित्र काढले. दोन वर्तुळे: एकात विद्यापीठाच्या पहिल्या पानावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक तिथे जे शोधायला येतात त्या गोष्टी. दोन्ही वर्तुळांत सामाईक अशी एकच गोष्ट उरते, विद्यापीठाचे पूर्ण नाव! जगभरच्या विद्यापीठांतले लोक त्यावर हसले. आपल्याकडे मात्र त्यात हसण्यासारखे फार नाही. तिथला मुलगा वैतागतो, आणि मग फोन करतो. आपल्याकडची मुलगी शिक्षण सोडते.

असे का होते? संकेतस्थळ बनवणारे लोक दुष्ट असतात म्हणून नव्हे. त्याची कारणे भौतिक आहेत. 'नॅक' ही मूल्यांकन संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिच्या वार्षिक गुणवत्ता अहवालापासून अनेक कागद संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते ठेवले नाहीत तर विचारणारे कुणी आहे. विद्यार्थ्याला माहिती मिळाली नाही तर विचारणारे कुणी नाही. ज्याचा धाक असतो त्याच्यासाठी मजकूर लिहिला जातो. म्हणजे आपल्या संकेतस्थळांचा खरा वाचक तपासणीला येणारी समिती हा आहे. विद्यार्थी हा चोरून वाचणारा.

दुसरे कारण रचनेचे. या पानांची मांडणी कामांप्रमाणे नसते, खात्यांप्रमाणे असते. परीक्षा विभाग, पात्रता विभाग, शैक्षणिक विभाग, विद्यार्थी विकास. एखादे काम कोणत्या खात्यात आहे हे ज्याला आधीच माहीत आहे, त्यालाच ते काम सापडते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ, म्हणजे 'बीसीयूडी', निर्माण केले होते. २०१६ च्या कायद्यात ते राहिले नाही. पण त्यानंतरही कित्येक वर्षे 'बीसीयूडी' ही अक्षरे पुणे विद्यापीठाच्या एका संकेतस्थळाच्या पत्त्यात होती. मंडळ गेले, त्याची पाटी राहिली. खात्याचा माणूस हे समजून घेतो. सुरगाण्याच्या कॉलेजातल्या मुलाने ते कसे समजावे?

मी सुरगाण्याचे नाव मुद्दाम घेतले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हटले की डोळ्यांपुढे गणेशखिंडीतली ती मनोऱ्याची इमारत येते. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी ती बांधली गेली. १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि गव्हर्नरचा बंगला विद्येचे घर झाला. पण हे विद्यापीठ पुण्यापुरते नाही. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. सुरगाण्याहून पुणे अडीचशे किलोमीटरहून लांब. तिथल्या मुलाला विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हे, मनोरा नव्हे, जयकर ग्रंथालय नव्हे. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे चार-पाच इंची काचेवर उघडणारे, किंवा न उघडणारे, एक पान. त्याने पाहिलेले विद्यापीठाचे दार ते एवढेच.

४

दार उघडत नाही तेव्हा दारापाशी कुणीतरी उभा राहतो. आज तो सायबरवाला आहे. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचे दुकान. तिथे 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी. तो पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो, मोबाईल नंबर कधी स्वतःचाच टाकतो, आणि मग निरोप त्याच्याकडे जातात. मुलीच्या अर्जात असेच झाले होते. त्रुटीचा संदेश गेला होता. गेला तो दुकानदाराच्या मोबाईलवर. तो पोरगा वाईट नव्हे. आमच्याच वस्तीतला, आमच्यातलाच पदवीधर, नोकरी नाही म्हणून दुकान टाकलेला. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही.

पण त्याची जागा ओळखली पाहिजे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) राज्य आणि रयत यांच्या मधोमध उभ्या असलेल्या कारकुनाचे, कुलकर्ण्याचे, दफ्तरदाराचे जे विश्लेषण केले, त्याचे सार हेच आहे: कागद एका भाषेत, माणूस दुसऱ्या भाषेत, आणि मधला जो दोन्ही जाणतो तो सत्ताधीश. त्या मधल्या माणसाची जात बदलली म्हणून रचना बदलत नाही. न वाचता येणारा कागद हा नेहमीच नवा कुलकर्णी जन्माला घालतो.

फुल्यांनी केवळ टीका केली नाही. त्यांनी मजकूरच बदलला, आणि याकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. 'गुलामगिरी' (१८७३) त्यांनी जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात लिहिली. वाचता न येणाऱ्याला ती वाचून दाखवता यावी, धोंडिबाच्या तोंडून त्याचाच प्रश्न यावा, ही त्यामागची योजना दिसते. 'असूड' तर त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर तो मजकूर आधी ठेवला. आणि सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय लग्ने लावली, ती काय केवळ पुरोहिताला शिव्या देऊन? नाही. विवाहाचा विधी मराठीत, ज्याचे लग्न त्याला कळेल असा लिहून काढला. मध्यस्थ हटवायचा तर मजकूर सोपा करावा लागतो, हे फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

१८५५ साली फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा त्यांना वेळ नव्हता. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शाळेच्या वेळेत विद्यार्थ्याला बसवण्याऐवजी विद्यार्थ्याच्या वेळेत शाळा बसवली. आज 'वापरकर्त्याच्या गरजेभोवती रचना' असे म्हटले की ती परदेशातून आलेली नवी विद्या वाटते. आमच्या चळवळीच्या घरात ती विद्या फार आधीपासून आहे. आम्हीच ती पेटीत घालून ठेवली.

५

तरीही बाहेरच्यांकडून शिकण्यासारखे आहे. ब्रिटनच्या शासनाने २०११ साली संकेतस्थळांच्या कामासाठी एक स्वतंत्र विभाग उभा केला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये विखुरलेल्या खात्यांच्या पानांऐवजी एकच स्थळ सुरू केले. त्यांच्या तत्त्वांत पहिले तत्त्व हे की, आरंभ लोकांच्या गरजेपासून करावा, शासनाच्या गरजेपासून नव्हे. याकोब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाने २००० साली असे मांडले की, पाच माणसांना समोर बसवून काम करताना नुसते पाहिले, तरी बहुतेक दोष उघडे पडतात. त्याला ना मोठा निधी लागतो, ना सल्लागार. लागतो तो फक्त गप्प बसून पाहण्याचा संयम, आणि प्राध्यापकाला नेमके तेच जमत नाही.

मी ते करून पाहिले. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात काही विद्यार्थ्यांना त्यांच्याच मोबाईलवर आमच्या कॉलेजच्या पानावरून शिष्यवृत्तीची अखेरची तारीख शोधायला सांगितले. मी बोलायचे नाही असे ठरवले होते. एकाने 'प्रवेश' दाबले, एकीने 'विद्यार्थी' दाबले, तिथे क्रीडा विभागाचे फोटो निघाले. एक मुलगा काही वेळाने मोबाईल खाली ठेवून म्हणाला, "सर, मला नाही येत हे. माझंच चुकतंय." मला हे वाक्य सर्वांत भयंकर वाटले. दार बंद आहे असे तो म्हणत नव्हता, मला दार उघडता येत नाही असे म्हणत होता. व्यवस्थेचा दोष स्वतःच्या माथी घेण्याची ही आमची जुनी शिकवण. वर्णव्यवस्थेने पूर्वजन्माच्या पापाची सबब दिली, आता 'तांत्रिक अज्ञाना'ची सबब आहे.

मात्र 'वापरकर्ता' या शब्दाशी माझे भांडण आहे. हा शब्द बाजारातून येतो. बाजाराला गिऱ्हाईक टिकवायचे असते, म्हणून तो त्याची गरज विचारतो; आणि ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याची गरज तो विचारत नाही. पानावर किती लोक आले, कुठे थांबले, कुठून परत गेले, असे मोजून रचना ठरवली, तर जी मुलगी पानापर्यंत पोचलीच नाही ती मोजणीत येणार कशी? १८४८ साली भिडे वाड्यात शाळा सुरू करण्याआधी फुल्यांनी मुलींची मागणी किती आहे हे मोजले असते, तर आकडा शून्यच आला असता. गैरहजेरी हीच तिथे गरज होती. म्हणून मी 'वापरकर्ता' न म्हणता 'हकदार' म्हणेन. विद्यार्थी ही माहिती विद्यापीठाकडे मागत नाही, ती त्याचीच आहे. आणि रचनेची कसोटी सरासरी विद्यार्थ्यावर नव्हे, शेवटच्या बाकावरच्या, अर्ध्या तासाच्या मोबाईलवरच्या हकदारावर लागली पाहिजे.

६

"संकेतस्थळ तर सर्वांना खुले आहे," असे उत्तर कार्यालयातून हमखास येते. 'खुले' या शब्दाचा अनुभव आम्हाला आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण २० मार्च १९२७ पर्यंत त्या खुल्या तळ्याचे पाणी कुणी पिऊ शकले नाही. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर असते, ते चालून जावे लागते. फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला तेव्हा ती घोषणा नव्हती, पाण्यापर्यंतची वाट होती.

१८८२ च्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात फुल्यांनी शिष्यवृत्त्यांविषयी असाच मुद्दा मांडला. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे वरवर न्याय्य दिसते, पण त्यामुळे मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज चढाओढ गुणांची राहिलेली नाही. ती मोबाईल, इंग्रजी, रिकामा वेळ आणि ओळखीची आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात होते. ती मिळवून देणारी पिढी लढली, आणि ती मिळण्याची सूचना एका फोल्डरात हरवते.

कायदा आमच्या विरुद्ध नाही, हेही सांगितले पाहिजे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या चौथ्या कलमात, स्वतःहून द्यायची माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातला सर्वांत परिणामकारक मार्ग विचारात घ्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने त्यांना वाचता येईल अशा रूपात माहिती मिळण्याचा हक्क मानला आहे. शासकीय संकेतस्थळे कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि नंतर सुधारली गेली आहेत. कमतरता कायद्याची नाही. कमतरता विचारणाऱ्याची आहे.

७

आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर माणसे राबताहेत, शिष्यवृत्तीची रक्कम वर्षवर्ष येत नाही, खाजगीकरण दारात आहे. आणि तू बटणे कुठे असावीत ते सांगत बसला आहेस! आक्षेप गंभीर आहे. पण या गोष्टी वेगळ्या नाहीत. कारकुनांच्या जागा भरल्या नाहीत म्हणून खिडकी बंद झाली, आणि खिडकी बंद करताना 'आता सर्व ऑनलाईन आहे' असे सांगितले गेले. संकेतस्थळ ही माणूस काढून घेतल्याची पावती आहे. मी शिकत होतो तेव्हा कॉलेजात कुलूप लावलेला काचेचा फलक होता, आणि त्यावरच्या सूचनेची भाषा हीच होती. पण फलकापाशी शिपाईमामा असत. त्यांनी मला व्हरांड्यात गाठून सांगितले होते, "अरे, तुझं नाव लागलंय तिकडं. उद्या शेवटची तारीख हाये, दाखला घेऊन ये." त्या एका हाकेवर मी पदवीधर झालो. माझ्या घराण्यातला पहिला. मामांची जागा त्यांच्या निवृत्तीनंतर भरली गेली नाही.

म्हणून नुसते पान सुंदर करण्याची मागणी मी करत नाही. माझी मागणी पानाने हाक मारावी ही आहे. खात्यांची नावे मागे टाकून 'फी भरायची आहे', 'शिष्यवृत्ती अडली आहे', 'निकालाबद्दल शंका आहे', 'दाखला हवा आहे' अशा विद्यार्थ्याच्या तोंडच्या शब्दांनी दारे लावावीत. प्रत्येक सूचनेच्या पहिल्या चार ओळींत कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत, कोणते कागद घेऊन आणि अडल्यास कोणाकडे जायचे, हे मराठीत, खऱ्या अक्षरांत लिहावे. ते स्वस्त मोबाईलवर, थोड्या डेटात उघडावे. ज्याच्या अर्जात त्रुटी आहे त्याची जातीसकट यादी चव्हाट्यावर न लावता त्याला संदेश जावा, फोन जावा, वर्गात सांगितले जावे. आणि कॉलेजात एक टेबल, एक माणूस असावा, ज्याचे हेच काम. नवे पान लोकांपुढे ठेवण्याआधी ते सुरगाण्याच्या, अकोल्याच्या, ताडीवाला रोडच्या मुलांपुढे ठेवावे आणि शहाण्यांनी गप्प बसून पाहावे.

विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव २०१४ साली मिळाले. त्याआधी मराठवाड्यात बाबासाहेबांच्या नावासाठी २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षे लढा द्यावा लागला. माणसे मेली, घरे जळाली. नावाची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. पण नाव ही कमानीवरची गोष्ट आहे, आणि विद्यार्थी कमानीतून नव्हे, दारातून आत येतो. सावित्रीबाई मुलींची नावे फलकावर लावून शाळेत बसून राहिल्या नव्हत्या. त्या शेण-दगड झेलत मुलींपर्यंत गेल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठाची आणि त्याच्या प्रत्येक महाविद्यालयाची भाषा 'सर्व संबंधितांना' अशी असू शकत नाही.

यंदा त्रुटींची सूचना मी पुन्हा लिहिली. 'तुझ्या अर्जात एक कागद कमी आहे. तो अमुक तारखेच्या आत घेऊन ये. अडचण आली तर मला भेट.' खाली माझे नाव लिहिले. कार्यालयातून ती परत आली: भाषा नियमाला धरून नाही. मी ती तशीच पुन्हा पाठवली आहे. दरम्यान वर्गावर्गांत जाऊन नावे वाचून दाखवत नाही, एकेकाला बाजूला घेऊन सांगतो. ती मुलगी अजून परत आलेली नाही. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आलो; प्रवेशाची मुदत संपायच्या आत तिसऱ्यांदा जाणार आहे.